इंजिनाने किती दाब सोसावा?

२०२५ साली भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते. ते पाच वर्षे आधी गाठले गेले. त्यानंतर देशभर वाद पेटला तो मायलेजवरून. जुन्या गाड्यांचे काय, रबरी नळ्यांचे काय, लिटरमागे किती किलोमीटर कमी झाले, असे प्रश्न विचारले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी याविषयीची जनहित याचिका फेटाळली गेली. या सगळ्या गदारोळात एक तांत्रिक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. इंधन बदलले, तर त्या इंधनाजोगे इंजिनाचे डोके बदलले काय?

येथे ‘डोके’ हा शब्द अलंकार म्हणून आलेला नाही. सिलिंडर हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. त्यातच व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग आणि दहनकक्षाचा घुमट असतो. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमधले एकूण घनफळ आणि पिस्टन माथ्याशी असताना उरलेले घनफळ यांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर, गॅरेजातल्या भाषेत कॉम्प्रेशन रेशो. हेडचा घुमट किती उथळ, पिस्टनचा माथा किती फुगीर, यावर ते ठरते. इंधन, हेड आणि हे गुणोत्तर या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यातच हवा पंपाने दाबून आत घालायची, म्हणजे सुपरचार्जर किंवा टर्बो बसवायचा ठरले, की ही गाठ आणखी घट्ट होते. ही गाठ कशी उमगत गेली, याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यात विमानयुद्ध, विषबाधा व उसाची मळी हे सारेच येते.

जर्मन अभियंता निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये चार-ठोक्यांचे इंजिन चालवले तेव्हा त्याचे संपीडन गुणोत्तर अडीचच्या आसपास होते. वायूचे मिश्रण जितके जास्त दाबावे तितके त्यातील उष्णतेचे कामात रूपांतर अधिक होते, हे उष्मागतिकी सांगतेच. घर्षण आणि उष्णतेची गळती बाजूला ठेवून केलेल्या आदर्श हिशेबात गुणोत्तर ४ असताना कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के येते, ८ असताना ५६, आणि १२ असताना ६३. प्रत्यक्षातले इंजिन याच्या निम्म्याच्या थोडे वर पोहोचते, पण चढाची दिशा तीच राहते. आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. ४ वरून ८ वर गेल्यास मिळणारा लाभ मोठा आहे. ८ वरून १२ वर जाताना तो जवळपास निम्माच उरतो. पुढच्या सगळ्या कहाणीत हा उतरता लाभ महत्त्वाचा ठरला.

मग गुणोत्तर वाढवत का नेले नाही? कारण इंजिन ठोकू लागे. चढावर गाडी ओढताना हातोडीने धातूवर घाव घातल्यासारखा खणखणाट येई, शक्ती घसरे, पिस्टनचा माथा वितळे किंवा फुटे. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेकांची समजूत अशी होती की मिश्रण ठिणगीच्या आधीच तापलेल्या भागाला लागून पेटते. केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन आणि त्यांचा विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी ही समजूत चुकीची ठरवली. ठिणगी आपल्या वेळेलाच पडते, ज्वाला पसरू लागते, तिच्या मागे तयार झालेले तप्त वायू पुढचे न जळलेले मिश्रण कोपऱ्यात दाबतात, आणि ज्वाला तिथे पोहोचण्याआधी ते शेवटचे मिश्रण एकदम, एकाच क्षणी पेटते. त्या स्फोटाची दाबलहर सिलिंडरच्या भिंतीवर आदळते, तोच ठोका. अकाली प्रज्वलन हा वेगळा आजार, नॉकिंग वेगळा. पहिला दुसऱ्यातून उद्भवू शकतो, म्हणून घोटाळा झाला होता.

रिकार्डो हे नाव भारतीय वाचकाला अनोळखी वाटेल, पण त्याच्या घराण्याचा एक ठसा लाखो भारतीय रोज पाहतात. त्याचे वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. हावडा रेल्वे स्थानकाची तांबड्या विटांची भव्य इमारत त्यांच्याच आराखड्याची. आजोबा अलेक्झांडर मेडोज रेंडेल हे भारतीय रेल्वेच्या पुलांचे सल्लागार अभियंता. घरात बांधकाम आणि यंत्रे यांचीच चर्चा. मुलाने मात्र पूल सोडून सिलिंडरच्या आतल्या काही घन सेंटिमीटर जागेचा ध्यास घेतला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी १५० अश्वशक्तीचे इंजिन उभारताना रिकार्डोपुढे वाईट पेट्रोलचाच प्रश्न होता, कारण चांगले पेट्रोल विमानांकडे जाई. युद्धाच्या अखेरीस त्याने तेल कंपनीकडून निरनिराळ्या क्षेत्रांतले नमुने मागवले. त्यांत बोर्निओचा एक नमुना थक्क करणारा निघाला. इतर पेट्रोल जिथे ठोकू लागे, त्याच्या पुष्कळ पुढे तो शांत राही. त्यात बेंझिनवर्गीय, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक, संयुगे भरपूर होती. विचित्र गोष्ट ही की त्या काळी पेट्रोलचा दर्जा घनतेवर ठरत असे. हलके ते उत्तम. बोर्निओचे पेट्रोल जड, म्हणून ते विकण्यालायक नाही असे ठरवून जंगलात जाळून टाकले जात होते. चुकीचे माप लावले की उत्तम माल कचरा ठरतो, याचे विज्ञानाच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

योग्य माप शोधण्यासाठी रिकार्डोने १९१९ च्या सुमारास ‘ई ३५’ नावाचे एकसिलिंडरी इंजिन बांधले. इंजिन चालू असतानाच सिलिंडर वरखाली सरकवून संपीडन गुणोत्तर बदलता येई. एकेक इंधन घालायचे, गुणोत्तर हळूहळू चढवायचे, ठोका ऐकू येताच थांबायचे. त्या आकड्याला ‘सर्वोच्च उपयुक्त संपीडन गुणोत्तर’ म्हटले गेले. हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय हे दोघे वैज्ञानिक या कामात सहभागी होते. इंधनाची प्रतवारी प्रथमच त्याच्या दाब सोसण्याच्या ताकदीवर झाली. या चाचण्यांत अल्कोहोल फार वर बसले, ही नोंद पुढे उपयोगी पडेल.

त्याच वर्षी रिकार्डोने दुसरी वाट चोखाळली. इंधन तेच ठेवून हेडचा आकार बदलला तर? तेव्हाच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या स्वस्त इंजिनांत दहनकक्ष लांबट आणि चपटा असे. ज्वालेला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला वेळ लागे, आणि तेवढ्यात दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण स्वतःच पेटे. रिकार्डोने हेडचा एक भाग इतका खाली आणला की वर आलेला पिस्टन त्याला जवळजवळ टेकावा. त्या फटीतले मिश्रण दबून बाहेर फेकले जाई, व्हॉल्व्हवरच्या आटोपशीर कक्षात भोवरे उठत, ज्वाला वेगाने पसरे. आणि फटीत उरलेल्या पातळ थराला धातूच्या थंड भिंती पेटू देत नसत. ठोका मागे हटला. आजही कोणी हेड निवडताना कक्ष आटोपशीर आहे का, प्लग मध्यभागी आहे का, पिस्टन आणि हेड यांतली फट किती, हे पाहतो. त्यामागचा तर्क हाच आहे. फट वाढवून गुणोत्तर कमी केले की ठोका थांबेल असे वरवर वाटते. प्रत्यक्षात भोवरे मंदावतात, ज्वाला रेंगाळते आणि कमी गुणोत्तर असूनही इंजिन ठोकते. जाड गॅस्केट घालून टर्बोची सोय करणाऱ्यांना हा धडा बहुधा पिस्टन फुटल्यावर मिळतो.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत डेटन शहरी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला जात होता. चार्ल्स केटरिंग याच्या बॅटरी-प्रज्वलनावर ठोक्याचा ठपका येत होता. त्याने थॉमस मिजली या तरुणाला कामाला लावले. आयोडीन, अ‍ॅनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम असे एकेक पदार्थ तपासत ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेड सापडले. अगदी अल्प मात्रेत ते ठोका थांबवी. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्येच शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली.

शिसे विषारी आहे हे तेव्हा अज्ञात नव्हते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम आणि झटके येऊन मरण पावले. १९२५ मध्ये सरकारी परिषद भरली, विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्याच संशोधकांनी अल्कोहोल-मिश्रित पेट्रोलचाही अभ्यास केला होता आणि त्यात ठोका येत नाही हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि त्यावर कोणाची मक्तेदारी शक्य नव्हती. शिसे चिमूटभर पुरे आणि त्याचे पेटंट घेता येई. भारतात शिसेरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात तेच विकले जाऊ लागले. जगात शेवटी थांबला तो अल्जीरिया, २०२१ मध्ये. संपीडन गुणोत्तर दीड-दोन अंकांनी वाढवण्याची किंमत जवळजवळ शंभर वर्षे मुलांच्या रक्तातून वसूल झाली, हे इंजिनाच्या इतिहासातले सर्वांत काळे पान आहे.

मोजमापाचा प्रश्न १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी सुटसुटीत केला. न ठोकणारे आयसो-ऑक्टेन म्हणजे १००, चटकन ठोकणारे नॉर्मल हेप्टेन म्हणजे ०. या दोहोंच्या मिश्रणाशी इंधनाची तुलना करायची. त्यासाठी वॉकेशा कंपनीने १९२८-२९ मध्ये बदलत्या गुणोत्तराचे प्रमाणित इंजिन घडवले. रिकार्डोच्या कल्पनेचाच तो वारस. आजही पेट्रोल पंपावरील ९१ किंवा ९५ हा आकडा त्याच घराण्यातल्या इंजिनावर ठरतो.

येथून कथा हवेत जाते. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा विमानाच्या इंजिनात पंपाने हवा दाबून घालावी लागते. पण हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेला सिलिंडर पुन्हा दाबतो. ढोबळ हिशेब असा: बाहेर २७ अंश सेल्सियस तापमान आहे आणि गुणोत्तर ६ आहे. पंप नसेल तर दाबाच्या अखेरीस मिश्रण सुमारे २९० अंशांवर जाईल. आता ७० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाने हवा दुप्पट दाबली, तर ती सिलिंडरमध्ये शिरतानाच सुमारे १२० अंश गरम असेल आणि अखेरीस ४६५ अंशांच्या आसपास पोहोचेल. त्याच अवस्थेत गुणोत्तर ९ ठेवले तर तापमान ५७० च्या पुढे. वाटेत शीतक बसवून हवा ५७ अंशांवर आणली, तर गुणोत्तर ६ असताना तापमान ३४५ वर थांबेल. दाब जास्त आणि तापमान जास्त, ही ठोक्याला आमंत्रण देणारी जोडी. म्हणून हवा दाबणाऱ्या इंजिनाचे गुणोत्तर कमी ठेवतात, शीतक बसवतात, आणि पंपाच्या कार्यक्षमतेला जपतात.

तोटा सोसून गुणोत्तर कमी का ठेवायचे, याचे उत्तर उतरत्या लाभात आहे. गुणोत्तर ६ वरून ७ केले तर आदर्श हिशेबात जेमतेम सहा टक्के लाभ. तेवढ्याच धोक्यात हवा तीस टक्के जास्त घातली, तर शक्तीही जवळजवळ तितकीच वाढते. इंधनाने दिलेली सहनशक्ती कुठे खर्च करायची, गुणोत्तरावर की हवेच्या दाबावर, हा खरा निर्णय.

रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाने तो निर्णय हवेच्या बाजूने घेतला. २७ लिटर, १२ सिलिंडर, गुणोत्तर ६. पण तिथवर पोहोचण्याआधी एक फसलेला हेडचा प्रयोग आहे. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये ‘रॅम्प हेड’ नावाचे उतरते हेड बसवले गेले; इनटेक व्हॉल्व्ह सिलिंडरशी ४५ अंशांच्या कोनात होते. एका सिलिंडरच्या चाचणीत त्याने आशा दाखवली. पूर्ण इंजिनात मात्र हेडला तडे जाऊ लागले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टिकेनात, ठरावीक जागी नॉकिंग होऊ लागले. असे १७२ इंजिने बनल्यावर कंपनीने माघार घेतली आणि जुन्या धाटणीचे सपाट हेड स्वीकारले, ज्यात चारही व्हॉल्व्ह सिलिंडरला समांतर उभे असतात. या फेरबदलामुळे हरिकेन विमानाचे उत्पादन लांबले. कागदावर वायूचा प्रवाह चांगला असणे आणि उच्च दाबाखाली उष्णता समान वाहून नेणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. रॅम्प हेड पहिलीत उत्तीर्ण झाले आणि दुसरीत अनुत्तीर्ण.

जानेवारी १९३८ मध्ये स्टॅन्ली हूकर हा गणिती रोल्स-रॉइसमध्ये आला. इंजिनांचा अनुभव त्याला नव्हता. त्याने सुपरचार्जरची आकडेमोड केली आणि हवा आत नेणारी वाकडी नळी व पंपाची पाती यांत होणारा अपव्यय दाखवून दिला. सुधारित मर्लिन पूर्ण दाब सुमारे १६,००० फुटांऐवजी १९,००० फुटांपर्यंत टिकवू लागले. १९४२ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आणि शीतक असलेले मर्लिन ६१ स्पिटफायर-९ मध्ये आले. वरचा तापमानाचा हिशेब पाहिला की त्या शीतकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पण १९४० च्या उन्हाळ्यात, ब्रिटनच्या आकाशातील लढाईत, तातडीने हाताशी आले ते इंधन. ८७ ऑक्टेनवर मर्लिनला वातावरणाच्या वर प्रति चौरस इंच सव्वासहा पौंड दाब सोसत असे आणि सुमारे १,०३० अश्वशक्ती मिळे. १०० ऑक्टेन आल्यावर आणीबाणीत पाच मिनिटांसाठी तो १२ पौंडांपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली. कमी उंचीवर शक्ती सुमारे १,३१० वर गेली. वातावरणाचा दाब धरून भागाकार केला तर हवा २७ टक्के वाढली आणि शक्तीही २७ टक्के. दोन्ही आकडे वेगवेगळ्या उंचीवरचे आहेत हे खरे, तरी जुळणी लक्षणीय आहे. इंजिनाचे हेड तेच, पिस्टन तेच, गुणोत्तर तेच.

समोरच्या मेसरश्मिट विमानातील डेमलर-बेंझ ६०१ ची रचना वेगळी होती. ३३.९ लिटरचे मोठे इंजिन, थेट इंधन-फवारणी, गुणोत्तर ६.९. जर्मनांनाही अधिक ऑक्टेनचे ‘सी ३’ इंधन थोड्या प्रमाणात मिळाले. त्यांनी ती सहनशक्ती मुख्यतः गुणोत्तरावर खर्च केली. ६०१-एन या आवृत्तीत खोलगट पिस्टनऐवजी सपाट पिस्टन बसवून गुणोत्तर ८.२ केले, शक्ती सुमारे १,१०० वरून १,१७५ झाली. म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. इंधनाची बचत अर्थात त्यांच्या बाजूने होती, आणि तेलटंचाईच्या देशाला ती नगण्य नव्हती. तरीही झुंजीत क्षणिक शक्ती हवी असते, आणि त्या मापाने ब्रिटिशांचा खर्च शहाणपणाचा ठरला. शिवाय कमी गुणोत्तराच्या इंजिनात पुढचे चांगले इंधन आले की दाब आणखी चढवता येतो. मर्लिनने युद्धाच्या अखेरीस १५० श्रेणीच्या इंधनावर २५ पौंडांपर्यंत मजल मारली.

रिकार्डोचे स्वतःचे उत्तर निराळे होते. दहनकक्षातला सर्वांत तापलेला भाग म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तो काढूनच टाका, असे त्याचे म्हणणे. त्याने पुरस्कारलेल्या स्लीव्ह-व्हॉल्व्ह रचनेवर ब्रिस्टल हर्क्युलिस आणि नेपियर सेबर ही बलाढ्य इंजिने उभी राहिली. कल्पना देखणी होती. पण तोवर सॅम हेरन याने पोकळ व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरून तो थंड ठेवण्याची युक्ती रूढ केली होती आणि इंधनही सुधारले होते, त्यामुळे स्लीव्हचा लाभ तिच्या गुंतागुंतीच्या मानाने तोकडा पडला.

जेट इंजिने आल्यावर हा अध्याय विमानांपुरता संपला आणि शर्यतींच्या गाड्यांत पुन्हा उघडला. १९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामात टर्बो इंजिनांचा दाब २.५ बारवर आणि एका शर्यतीचे इंधन १५० लिटरवर बांधले गेले. दाब वाढवण्याची वाट बंद झाली, तेव्हा होंडाच्या अभियंत्यांनी सहनशक्ती पुन्हा गुणोत्तरावर खर्च केली: दीड लिटरच्या व्ही-६ टर्बो इंजिनाला ९.४ हे त्या काळी धाडसी गुणोत्तर. इंधन ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के नॉर्मल हेप्टेन. हेप्टेन मिसळले ते केवळ नियमातल्या १०२ ऑक्टेनच्या मर्यादेत बसण्यासाठी. बोर्निओच्या जंगलात जाळल्या जाणाऱ्या पेट्रोलमधले अ‍ॅरोमॅटिक द्रव्य येथे विजेत्याच्या टाकीत होते. १६ पैकी १५ शर्यती मॅक्लॅरेन-होंडाने जिंकल्या.

भारतीय रस्त्यांवर टर्बो पेट्रोल आले ते करांच्या वाटेने. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीच्या आतले पेट्रोल इंजिन असेल तर गाडीवर कमी कर, अशी रचना असल्याने मोठ्या इंजिनाचे काम लहान इंजिनाकडून करून घेणे कंपन्यांना भाग पडले. सिलिंडरमध्ये थेट फवारणी, नॉकिंग ऐकणारा संवेदक आणि शीतक यांच्या बळावर आज टर्बो इंजिनही १० च्या आसपास गुणोत्तर घेऊन चालते. मर्लिनच्या अभियंत्यांना हा आकडा अशक्य वाटला असता.

आता इथेनॉलकडे. भारतात ही कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता. तो दीर्घकाळ कागदावरच राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. २००३ मध्ये नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण आले.

इथेनॉलचे दोन स्वभाव आहेत. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. पण त्याचा ऑक्टेन अंक १०८ च्या पुढे आहे, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषते. म्हणजे सिलिंडरमध्ये फवारले की ते स्वतःच छोट्या शीतकाचे काम करते. टर्बो इंजिनाला याहून अनुकूल द्रव्य क्वचितच मिळेल. पेट्रोलियम मंत्रालयाच्या निवेदनानुसार ९१ ऐवजी ई २० पेट्रोलचा अंक ९५ पर्यंत जातो.

हिशेब साधा आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई २० मध्ये लिटरमागे सुमारे साडेसहा टक्के ऊर्जा कमी. ई १० च्या तुलनेत साडेतीन टक्के. ही तूट रसायनशास्त्राची आहे, ती कोणत्याही निवेदनाने भरून निघत नाही. ती अंशतः भरून काढता येते ती हेड, पिस्टन आणि दाब बदलून. गुणोत्तर १० वरून ११ केले तर आदर्श हिशेबात अडीच टक्के परत मिळतात, १२ केले तर साडेचार. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात हाच फरक आकड्यांत दिसतो: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई १० साठी जुळवलेल्या चारचाकींना ई २० वर सहा ते सात टक्के घट, दुचाकींना तीन ते चार, आणि ई १० साठी बनवून ई २० साठी जुळवलेल्या चारचाकींना एक ते दोन टक्के.

म्हणून ‘मायलेज घटले’ आणि ‘काही फरक पडला नाही’ ही दोन्ही विधाने एकाच पेट्रोल पंपावर खरी असू शकतात. नव्या टर्बो गाडीत संवेदक ठोका ऐकतो. तो येत नाही असे दिसताच संगणक ठिणगी थोडी आधी टाकतो आणि वाढलेल्या ऑक्टेनचा काही भाग वसूल करतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीत यातले काहीच नाही. तिचे हेड ज्या दिवशी ओतले गेले त्या दिवशी गुणोत्तर ठरले, ठिणगीची वेळही बांधलेली. तिच्या टाकीत ऊर्जा कमी आलेली असते. सोबत आलेली सहनशक्ती मात्र न वापरताच धुराड्यातून निघून जाते.

रचनाकाराची अडचण पुढेच आहे. गुणोत्तर १२ किंवा १३ चे हेड आज काढले, तर ते देशात सर्वत्र आणि पुढील पंधरा वर्षे ९५ ऑक्टेनचेच इंधन मिळेल या भरवशावर. ब्राझीलमध्ये २००३ पासून कोणत्याही प्रमाणातले मिश्रण चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात. तिथले पहिले इंजिन दोन्ही इंधनांत तडजोड करणारे होते. गुणोत्तरे चढत गेली ती इंधनाच्या पुरवठ्याची खात्री पटल्यावर. भारतात ई २० च्या पुढचे मिश्रण किती आणि केव्हा, याची चर्चा सुरू आहे. तो आकडा जोवर पक्का होत नाही, तोवर कारखान्यातला अभियंता टाकीत येऊ शकणाऱ्या सर्वांत कमकुवत पेट्रोलला धरूनच हेडचा साचा काढणार.